शिवंपल्याडचा झोका

बसा हो, बसा. तुमची बेळगावची गाडी अजून लागली न्हाय, आणि लागली तरी डायवर चा पिल्याबिगार हालत न्हाय. तवर एक गोष्ट सांगतो. एका सासूची हाय, एका सुनंची हाय आणि एका दावणीच्या दोराची हाय. हसू आलं तर हसा, पर हातातला कप आधी खाली ठेवा. मागं एकानं ऐकता ऐकता सगळा चा पांढऱ्या पँटीवर घेतला आणि तसाच लग्नाला गेला.

निपाणीच्या खालतीकडं ओढ्याकाठाला एक गाव हाय. नाव सांगत न्हाय. सांगितलं तर राजमती आक्का उद्या माझ्या दारात हुभी राहील, आणि ती दारात हुभी राहिली म्हंजे तंबाखूचे बडे बडे यापारी बी मागच्या दारानं पसार हुत्यात. जैनाचं घर. शेतीभाती बक्कळ. घरात राजमती आक्का, तिचा नवरा श्रीपाल आप्पा, एकुलता एक ल्योक अतुल, आणि अतुलची बायको दिव्या.

ही दिव्या बेळगावात वाढलेली. लई हसरी पोर. माहेरात जेवताना हसून हसून तिला ठसका लागायचा आणि आई पाठीत बुक्क्या घालायची. हिकडं आली आणि ठसका बंद झाला. कारण समोर आक्का. आक्काच्या तोंडावर हसू म्हंजे मे महिन्यातलं ओढ्याचं पाणी. कुठंतरी असंल, पर दिसायचं न्हाय.

बरं, नुसती कडक असती तर सोसलं असतं. आक्काची तऱ्हाच येगळी. कॉटवर बसली की तिचं पाय जमिनीला टेकायचं न्हाईत, आणि ते पाय सारखं म्होरं-मागं, म्होरं-मागं. दिव्यानं चा आणून दिला, पाय हालत्यात. आमटीत मीठ बघाय सांगितलं, पाय हालत्यात. दिव्याला वाटायचं, बाई आपल्यावर चिडून पाय आपटाय लागलीय.

निपाणीच्या बाजाराला निघाली की बशीत म्होरची जागा रिकामी दिसत असली तरी आक्का जाऊन बसणार पार मागच्या शिटावर. खड्डा आला की मागचं शीट हातभर उडतंय. दिव्याचं पोट गळ्यात यायचं. आक्का मातूर पदर तोंडाला लावून खिडकीतनं बाहेर बघणार. दिव्या मनात म्हणायची, आपल्याला छळायला मागं आणती ही.

कुणाच्या लग्नाला गेली तर नवरी बघायची सोडून मांडवाबाहेरचं झाड बघणार. "फांदी चांगली हाय," म्हणणार आणि गप. घरात नवा दोर आला की दोन्ही हातांनी ताणून, वर अंगाचा भार टाकून बघणार. दुकानदार बी तिला भ्यायचा.

आणि पंचमी आली की तर इचारू नका. आपल्याकडं नागपंचमीला गावात झाडाझाडाला झोकं. लेकी, सुना, म्हाताऱ्या, सगळ्या झोक्यावर. घराघरात लाह्या, तंबिटाचं लाडू. आणि राजमती आक्का? खिडक्या लावून, खुरपं घिऊन शेतात. गावातल्या बायका तिची वाहवा करायच्या, "नियम म्हंजे राजमतीचा! कवा नवी नवरी असताना झोका सोडला त्यो सोडला."

नियम म्हंजे काय, ते सांगतो. जैन माणूस बस्तीत, म्हंजे त्येंच्या देवळात, महाराजांपुढं हात जोडतंय आणि म्हणतंय, आजपास्नं मी अमूक सोडलं. कुणी बटाटं सोडतंय, कुणी गूळ, कुणी पायतान. एकदा सोडलं की सोडलं. तसा आक्कानं झोका सोडलेला, एवढंच आताच्या पोरासोरांस्नी ठाव. का सोडला, ते इचारायची छाती कुणाची?

तर यंदा पंचमी जवळ आली आणि दिव्याला ऱ्हावलं न्हाय. परसातल्या आंब्याला तिनं आपला एक लहानसा झोका बांधला. दोन हेलकावं घेतलं असतील नसतील, आक्का आली. झोका सोडला, दोर गुंडाळला आणि नेऊन म्हशीला बांधला.

म्हशीला! दिव्या खोलीत गेली आणि रडली न्हाय, त्येच्यापेक्षा वाईट केलं. गप बसली. अतुल बेळगावात कारखान्यात कामाला. शनवारी आल्यावर त्याला म्हणाली, "अहो, खोली बघा. पंचमी झाली की आत्तींना सांगायचं. मी ह्या घरात दगड हुईन."

"अगं, आईला काय वाटंल?"

"म्हशीला विचारा. तिला माझ्यापेक्षा जास्त माहिती असेल."

अतुलचं तोंड असं झालं की एका हातानं आईला आणि एका हातानं बायकोला धरलंय, आणि दोघी दोन दिशेच्या दोन बशीत चढल्यात. एकुलतं एक पोरगं. दोघं गेली म्हंजे घरात दोन म्हातारी माणसं आणि एक म्हस. पर बायकोचं बी खोटं न्हाय. आयतवारी दोघं बेळगावला गेली.

खासबागेत एक खोली मिळत हुती. दुसरा मजला, म्होरं गॅलरी. अतुल मालकाला हुडकाय गेला आणि दिव्या जिन्यात हुभी. खालच्या घराच्या उंबऱ्यावर एक म्हातारी शेंगा फोडत बसलेली. नाव मालुबाई. ती लागली इचाराय, जशा सगळ्या म्हाताऱ्या इचारत्यात.

"कुठली गं तू?"

दिव्यानं गावाचं नाव सांगितलं.

"अगं बया! कुणाच्यातली?"

"श्रीपाल आप्पांची सून."

म्हातारीच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. "म्हंजे राजीची सून? आमच्या झोकेवाल्या राजीची?"

"कुणाची?"

"राजी गं! राजमती! तिच्या माहेरात आमची घरं भिंतीला भिंत लागून. आता काय करती ती? हसती काय अजून तशीच, गाढवागत?"

दिव्या म्हणाली, "आजी, तुमची राजी दुसरी असेल. आमच्या आत्ती हसत न्हाईत."

मालुबाईनं तिला हाताला धरून खाली बसवलं, पुढ्यात शेंगा लोटल्या आणि सुरू झाली.

"पोरी, तुझी सासू पंचमीला झोक्यावर चढली की आमचं गाव काम सोडून वडाखाली यायचं. बसून न्हाय, हुभ्यानं खेळायची. वर जायची, शेंड्याचं पान दातात धरून आणायची, आणि खाली येताना आमच्या अंगावर थुंकायची! माझ्या कपाळावर किती पानं चिकटल्यात म्हणून सांगू. तिची आई हातात लाकूड घिऊन खाली हुभी, आणि ही वरनं म्हणायची, 'आई, तू हितनं लई बारीक दिसतीस!'"

दिव्याच्या तोंडातली शेंग तशीच.

"मग लगीन झालं. पयल्या पंचमीला माहेरी न्यायला भाऊ निघाला, तर नदीला पूर. आडकला. ही सासरीच. माझी आत्या बी त्याच गावात दिलेली, मी तिच्याकडं आधीच गेलते, म्हणून डोळ्यानं बघितलं. बस्तीम्होरच्या वडाला झोका. नव्या सुनंनं गप बसावं का न्हाय? ही चढली. अशी चढली की वडाची पाखरं उडून गेली. आणि त्याच टायमाला खालनं कोण आलं? तिचा सासरा, पायगोंडा आण्णा! संगं नवं पावनं, डोस्क्याला नवाकोरा पटका, त्येचा शेमला मागं हातभर सोडलेला. झोका खाली आला, आणि शेमला हिच्या जोडव्यात आडकला!"

"अय्यो!"

"अय्यो काय! झोका निघाला वर. पटका बी निघाला वर. आणि आण्णा खाली भवऱ्यागत फिराय लागला! पटका सुटतोय, आण्णा फिरतोय, पटका सुटतोय, आण्णा फिरतोय. शेवटाला अख्खा पटका वडाच्या शेंड्यावर निशाणागत, आणि खाली आण्णा, चकचकीत टक्कल, दोन्ही हात डोस्क्यावर! पावनं त्याला धराय गेलं तर त्यास्नी बी गरगराय लागलं. गाव हसलं. तुझा सासरा तर आसा हसला की बापानं त्याला दोन दिस गोठ्यात जेवाय घातलं."

जिन्यात दिव्या भिंतीला टेकून हसत हुती. ठसका लागला. पार डोळ्यातनं पाणी. किती दिसांनी! मालुबाईनं पाठीत बुक्क्या घातल्या.

"आण्णा वराडला, 'माझ्या गावच्या शिवंत माझी सून पुन्ना झोक्यावर दिसली तर बघा!' राजी बी काय कमी? तशीच उतरली, तशीच बस्तीत गेली. चातुर्मासाचं महाराज बसलं हुतं. त्यांच्याम्होरं हात जोडून नियम घेतला, ह्या गावच्या शिवंत जल्मात झोक्यावर बसणार न्हाय. आण्णाच गार पडला. सगळी म्हणाली, काय सून, काय मान राखला! आणि सांजच्याला मला कोपऱ्यात घिऊन म्हणती कशी, 'मालू, शिवंत म्हटलंय गं मी. माहेरचा वड कुठं हिथल्या शिवंत येतोय? दर पंचमीला येतो, दुप्पट खेळतो!'"

"मग?"

मालुबाईनं शेंगाची टरफलं झाडली. "मग काय, रस्ता मोठा केला, वड गेला. भाऊ इचलकरंजीला गेला. माहेरच सपलं. आणि सासरी एवढी वाहवा झालेली, की मला खेळायचं हाय म्हणून आता कुठल्या तोंडानं सांगणार? वाहवानंच तिला बांधून घातली, पोरी."

अतुल मालकाला घिऊन आला तर बायको जिन्यात बसून एक डोळा हसतोय, एक डोळा रडतोय. त्याला वाटलं खोली पसंत पडली न्हाय. तसा त्यो जरा खूश बी झाला.

घरी आल्यावर बघती तर आक्का कॉटवर, आणि पाय म्होरं-मागं, म्होरं-मागं. चिडका पाय न्हवंच त्यो! त्यो झोका हुता! बाई सगळं आयुष्य कॉटवर बसून झोका खेळाय लागली हुती. बशीचं मागचं शीट, लग्नातली फांदी, दोर ताणून बघायचा, सगळं दिव्याच्या डोळ्याम्होरं एकदमच आलं आणि तिच्या नाकातनं हसू फुटलं.

"काय गं," आक्का गुरगुरली, "दात काय काढाय लागलीस?"

"काय न्हाय आत्ती. पाय चांगले हायत तुमचे."

आक्कानं पाय पदराखाली घेतले.

आता म्होरं बघा. ह्या गावाची शीव ओढ्यावर. ओढ्याच्या अलीकडं कर्नाटक, पलीकडं महाराष्ट्र. आणि आप्पांचं एक रान पलीकडं, मोठ्या चिंचंचं. त्या रानाचा सातबारा मराठीत, हिकडच्या रानाचा उतारा कन्नडात, आणि ऊस दोन्हीकडचा सारखाच गोड. पंचमीदिशी दुपारच्याला आक्का खुरपं हुडकाय लागली तवर दिव्या पळत आली.

"आत्ती, म्हस सुटली! ओढा वलांडून पलीकडच्या रानात गेली!"

आक्कानं काठी उचलली आणि निघाली. लुगडं गुडघ्यापतूर खोचून ओढ्यातनं तरातरा. मागनं दिव्या, तिच्या मागनं धापा टाकत श्रीपाल आप्पा. चिंचंखाली जाऊन बघती तर अतुल हुभा, आणि फांदीला झोका.

"म्हस कुठाय रं?"

"म्हस गोठ्यात हाय," दिव्या म्हणाली. "दावं तेवढं आणलंय."

आक्काचं तोंड तापल्या तव्यागत झालं. "मला नियम हाय, ठाव न्हाय तुला?"

"ठाव हाय. कुठल्या शिवंतला, ते बी ठाव हाय."

आक्काच्या हातातनं काठी सुटली. म्हणाली, "कुणी सांगितलं?"

"मालुबाईंनी."

"मेली जिती हाय व्हय अजून!" आणि काय सांगू, आक्काच्या तोंडाचा एक कोपरा हालला. पर लगीच तिनं त्यो आवरला. "न्हाय न्हाय. शीव नेमकी कुठं हाय? नियम हाय, खेळ न्हवं."

झालं! चौघं लागली शीव हुडकाय. आप्पा म्हणाला ओढ्याचा मध्य, अतुल म्हणाला ह्यो काठ. शेवटाला आप्पानं घाणेरीच्या झुडपात हात घालून शिवंचा दगड काढला. दगड चिंचंच्या बुडाला लागूनच! बुंधा पलीकडं, झोका बांधलेली फांदी अलीकडं झुकलेली.

आक्कानं दगडाकडं बघितलं, फांदीकडं बघितलं. "आरं मुडद्या, म्होरं जाताना ठीक हाय. मागं जाताना मी शिवंत येतोय न्हवं! दर हेलकाव्याला नियम मोडायचा व्हय माझा?"

आप्पा कपाळाला हात लावून म्हणाला, "ह्या शिवंपायी माणसं इतकी वर्सं भांडाय लागल्यात, पर झोका कुठल्या फांदीला बांधायचा म्हणून भांडणारी तूच एक."

"तुमी गप बसा. गोठ्यात जेवलासा, इसरलासा?"

दिव्या मटकन खाली बसली हसून. अतुलला काय कळंना. त्यो बिचारा चढला चिंचंवर, दोर सोडला, पलीकडच्या फांदीला बांधला. आक्कानं दोर धरला. दोन्ही हातांनी ताणला. अंगाचा भार टाकून बघितला. मग जोडवी काढून नवऱ्याच्या हातात दिली. "ही धरा. आणि टोपी काढून ठेवा."

आणि चढली! हुभ्यानं! "ये गं, म्होरं हुभी ऱ्हा," सुनंला म्हणाली. दिव्या चढली. दोघींची तोंडं समोरासमोर. आक्कानं गुडघं मोडलं, रेटा दिला. झोका निघाला. आधी हळू, मग जरा वर, मग अशी वर की चिंचंचा पाला दिव्याच्या केसात. दिव्या किचाळाय लागली. आक्का हसाय लागली. गाढवागत, अगदी मालुबाईनं सांगितलं तशी! खालनं अतुल तोंड आ करून बघतोय. त्या पोरानं आईचं हसू पयल्यांदाच ऐकलेलं.

झोका वर गेला तशी आक्का बोलली, "मालू कुठं भेटली तुला?"

खाली येऊन दुसरीकडं गेला. "खासबागेत! जिन्यात!"

"जिन्यात? तू खासबागेत जिन्यात कशाला गेलतीस?"

झोका खाली आला, वर गेला. अतुलनं खाली डोळं मिटलं. आता लपवायला जागा कुठं? दोर एकच, आणि हात सोडला तर पडायचं.

"खोली बघाय गेलतो आत्ती! येगळं ऱ्हायाला! तुमी झोका सोडून म्हशीला बांधला म्हणून!"

झोका गेला आणि आला. आक्काचा रेटा बंद झाला, झोका हळू हळू व्हाय लागला. दिव्याच्या डोळ्यातनं पाणी. आता हसत न्हवती ती.

मग आक्का म्हणाली, हळूच, "तुझा झोका बघून माझंच पाय निघालं हुतं गं. मला भ्या वाटलं. म्हणून सोडला. तुझ्यावर राग न्हवता." आणि इचारती कशी, "गॅलरी हाय का त्या खोलीला?"

"हाय."

"वर कडी हाय का?"

"कसली कडी?"

"झोक्याची गं, येडे! खासबाग कुठं आमच्या गावच्या शिवंत येतंय?"

आणि आसा रेटा दिला की दिव्याचा ठसका चिंचंच्या शेंड्यापतूर गेला!

ऊन उतरलं. तुमाला ठाव हाय, ह्यांच्या घरात दिवस बुडायच्या आत जेवणं. आक्काचं कवा चुकलेलं न्हाय. आप्पा ओढा वलांडून घरी गेला, परत काठावर येऊन वराडाय लागला, "आगं ए! सूर्य टेकला! जेवायचं हाय का न्हाय?"

आक्का वरनं वराडली, "तुमी जेवा! तुमी हितनं लई बारीक दिसतासा!"

त्या राती सासू-सून दोघी उपाशीच आडव्या झाल्या. बाकी घर झोपलं न्हाय. आतनं सारखं खी-खी ऐकू येत हुतं.

खोली घेतली हो, अतुल-दिव्यानं. आक्कानंच घ्याय लावली. आता दर आयतवारी ती निपाणीत बेळगावची बस धरती, मागचं शीट. गॅलरीत कडी ठोकलीया. मालुबाई खालच्या मजल्यावरनं वर येती, आणि दोघी म्हाताऱ्या एकमेकीला ढकलत बसत्यात. अधनंमधनं खाली रस्त्यावरच्या माणसाच्या डोस्क्यावर गॅलरीला लागलेल्या शेवग्याचा पाला पडतोय, म्हणून घरमालक कुरकुरतोय. पर त्यो दोर आता झिजलाय. म्हशीचा हुता, किती दिस टिकणार? म्हणून आक्कानं मला नवा वळायला सांगितला. ह्यो बघा, माझ्या पिशवीत. ताणून बघितलाय, पर तिच्यागत मला जमत न्हाय.

ती बघा, आली तुमची गाडी. तुमी खासबागेतच उतरणार न्हवं? मग एवढा दोर तेवढा न्या माझ्यासाठी. दुसरा मजला, गॅलरीत झोका दिसंल. आज आयतवार, आक्का तिथंच असंल, तिच्या हातात द्या. आणि हो, डोस्क्यावरची टोपी तेवढी खिशात घाला.